जुन्या नाट्यगृहात लाइव्ह कॉमेडी: तिकिटापासून बाहेर पडेपर्यंत

कॉमेडी शोचं तिकीट काढताना आपण कलाकार बघतो, तारीख बघतो, दर परवडतो का बघतो आणि बटण दाबून मोकळे होतो. नव्या, सपाट भिंतींच्या सभागृहात एवढ्यावर भागतं. शंभर-सव्वाशे वर्षं जुन्या नाट्यगृहात मात्र इमारतीचीही थोडी विचारपूस करावी लागते. ती बांधली तेव्हा माईक नव्हते, प्रेक्षकांसाठी लिफ्ट क्वचितच असे, आणि स्वस्त तिकीटवाले बड्या मंडळींच्या वाटेत येऊ नयेत अशीच जिन्यांची आखणी केलेली असे. आज त्याच रंगमंचावर एक माणूस, एक माईक, एक स्टूल आणि पाण्याची बाटली एवढ्या भांडवलावर तास-दीड तास निघतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा शोची निम्मी मजा कलाकारावर असते आणि निम्मी तुम्ही कुठे बसलात त्यावर. आणि नाटकाला जी जागा उत्तम, ती कॉमेडीला उत्तम असेलच असं नाही. म्हणून खुर्चीच्या भागात मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

## शो कोणत्या जातीचा आहे ते आधी बघा

जाहिरातीत सरसकट कॉमेडीच लिहिलेलं असतं. खालचं बारीक अक्षरातलं वर्णन वाचलं की खरा प्रकार कळतो.

मोठ्या जुन्या नाट्यगृहांत सर्वांत जास्त दिसतो तो एकट्या कलाकाराचा स्टँडअप. आधी एखादा ओपनर वीस-तीस मिनिटं घेतो, मग मध्यंतर, मग मुख्य कलाकार तास-सव्वातास. ओपनरच्या वेळी बाहेर रेंगाळायची अनेकांना सवय असते. मला ते पटत नाही. थंड सभागृह तापवायचं काम तोच करत असतो, आणि तुम्ही त्याच्यासोबत तापला नसाल तर मुख्य कलाकाराची पहिली दहा मिनिटं तुमची वाया जातात.

दुसरा प्रकार तीन-चार कलाकार आणि एक सूत्रसंचालक असा मिश्र शो. एकाच कलाकाराबद्दल खात्री नसेल तर हा बरा. तिसऱ्या गटात इम्प्रोव्ह (आयत्या वेळी सुचेल ते), स्केच (छोटे विनोदी प्रसंग) आणि विनोदी नाटक येतात. यांत माणसं सगळा रंगमंच वापरतात, कोपऱ्यातून प्रवेश होतात, मागच्या बाजूला काहीतरी घडतं. खुर्ची निवडताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

वर्णनात ‘वर्क इन प्रोग्रेस’ असं लिहिलं असेल तर कलाकार नवं साहित्य घासूनपुसून बघतो आहे असं समजा. हातात कागद असेल, मध्येच तो थांबेल, काही विनोद साफ पडतील. तिकीट सहसा स्वस्त असतं. विनोद घडतो कसा हे ज्याला बघायचं आहे त्याने हे शो आवर्जून बघावेत; ज्याला वर्षातून एकदा बाहेर पडून पोट धरून हसायचं आहे त्याने टाळावेत.

शोचं चित्रीकरण होणार असेल तर तेही कुठेतरी लिहिलेलं असतं. अशा वेळी मधल्या काही रांगांसमोर कॅमेरे येतात, प्रेक्षकांवरही उजेड राहतो आणि एखादा भाग पुन्हा केला जाऊ शकतो. वयाची अट दिली असेल तर ती दारावर खरोखर तपासली जाते, हे किशोरवयीन मुलांना नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

## इमारत समजून घ्या

जुन्या नाट्यगृहात साधारण तीन ते चार मजल्यांवर बैठक असते. ब्रिटिश पद्धतीत तळाला स्टॉल्स, त्यावर ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल, त्यावर अप्पर सर्कल आणि सगळ्यात वर बाल्कनी किंवा गॅलरी. अमेरिकेत तळमजल्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात, मधल्याला मेझनीन आणि वरच्याला बाल्कनी. त्यामुळे ऑर्केस्ट्राचं तिकीट मिळालं म्हणजे वादकांत बसायचं आहे असं नव्हे. बाजूच्या भिंतींना लागून बॉक्स असतात, दिसायला राजेशाही.

इमारत कधीची आहे हे बघितलं की तिच्या खोड्यांचा अंदाज येतो. एकोणिसाव्या शतकातल्या नाट्यगृहांत वरचे मजले ओतीव लोखंडी खांबांवर उभे असत, आणि ते खांब नेमके प्रेक्षकांच्या मध्ये. पुढे पोलादी तुळया आल्या आणि बाल्कनी खांबाशिवाय पुढे काढता येऊ लागली. फ्रँक मॅचम या इंग्लिश वास्तुरचनाकाराने हे तंत्र सढळपणे वापरलं. लंडनमधलं हॅकनी एम्पायर (१९०१) आणि लंडन पॅलेडियम (१९१०) ही त्याचीच कामं. दोन्ही व्हरायटी शोसाठी बांधलेली, म्हणजे गाणं, जादू, कसरती आणि नकला एकाच संध्याकाळी. तिथे आज स्टँडअप रंगतो यात नवल नाही, कारण एकट्या माणसाने समोर उभं राहून लोकांना हसवणं हा त्या इमारतींचा मूळ धंदाच होता.

अमेरिकेतल्या १९२०च्या दशकातल्या भव्य इमारतींची गोष्ट वेगळी. शिकागो थिएटर (१९२१) किंवा न्यूयॉर्कचं बीकन थिएटर (१९२९) चित्रपट आणि व्हॉडव्हिल (व्हरायटी शोचा अमेरिकन अवतार) या दोन्हींसाठी बांधलेली. बीकनमध्ये सुमारे २,९०० आणि शिकागो थिएटरमध्ये सुमारे ३,६०० माणसं बसतात. एडिंबराचं प्लेहाउस (१९२९) तर मुळात चित्रपटगृहच, आसनं तीन हजारांवर. पडदा मोठा असल्यामुळे मागे बसणाऱ्याचं तेव्हा काही अडत नव्हतं. आता पडद्याच्या जागी पाच-सहा फुटांचा माणूस असतो. उलट मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस घ्या. १९११ साली त्याचं उद्घाटन झालं, १९९३ साली ते बंद पडलं आणि डागडुजीनंतर २०१६ साली पुन्हा उघडलं. तिथे सहाशेच्या आतच आसनं आहेत. दोन्ही प्रकारांना ऐतिहासिक म्हणतात. पण एकात तिसऱ्या मजल्यावरूनही कलाकाराच्या भुवया दिसतात आणि दुसऱ्यात तळमजल्यावर बसूनही दिसत नाहीत. म्हणून आसनसंख्या आधी शोधा. हजाराच्या आत असेल तर बिनधास्त कुठेही बसा. दोन हजारांच्या वर असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

## खुर्ची

स्टँडअपचा कलाकार कुठे उभा राहतो हे डोळ्यांसमोर आणा. रंगमंचाच्या मध्यावर, अगदी पुढच्या कडेजवळ. तिथून तो फार तर दोन्ही बाजूंना दहा पावलं चालतो. मागचा रंगमंच रिकामाच असतो.

यातून मोठा फायदा निघतो. बाजूच्या जागांवर तिकीटविक्रीत ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ असा शिक्का असतो, कारण तिथून रंगमंचाचा एक मागचा कोपरा दिसत नाही. नाटकात त्या कोपऱ्यात दार असतं, भूत येतं, प्रेत पडतं. स्टँडअपमध्ये तिथे काहीच नसतं. म्हणजे बाजूच्या बॉक्समधली किंवा सर्कलच्या टोकाची, किंमत कमी केलेली जागा स्टँडअपसाठी पुष्कळदा झकास निघते. कलाकार तिरका दिसतो, पण जवळून दिसतो. हाच शिक्का खांबामुळे असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका. खांब हलत नाही आणि कलाकार हलतो. रात्रभर मान डावीउजवीकडे करत बसाल. शिक्क्याचं कारण लिहिलेलं नसेल तर तिकीटखिडकीला फोन करून विचारा. तिथल्या माणसांना आपल्या प्रत्येक वाईट खुर्चीची खडान् खडा माहिती असते आणि विचारलं तर ते खरं सांगतात.

फायद्याची जागा कळली, तशी धोक्याची जागाही ओळखून ठेवा: तळमजल्याच्या शेवटच्या रांगा. नकाशावर त्या रंगमंचासमोर, मध्यात, तळाला दिसतात आणि दरही खालचा असतो. पण त्यांच्या डोक्यावर सर्कलचा मजला छतासारखा पुढे आलेला असतो. त्या खोबणीत बसलं की वरून येणारा आवाज कापला जातो, सभागृहाचं भव्य छत दिसत नाही आणि रंगमंचावर उंच पडदा लावून कलाकाराचा चेहरा मोठा दाखवत असतील तर त्याचा वरचा भाग जातो. याहून वाईट म्हणजे हशा. बाकी सगळ्या सभागृहाचा हशा दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. काही नकाशांवर वरच्या मजल्याची कडा तुटक रेषेने दाखवलेली असते. त्या रेषेच्या चार-पाच रांगांपेक्षा जास्त आत जाऊ नका.

हशाचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणात टीव्ही, पुस्तक असं काही साधन जवळ नसताना माणूस एकटा असल्यापेक्षा सोबतीत सुमारे ३० पट जास्त हसतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नाट्यगृहांत पैसे देऊन टाळीवाले बसवायची रीत होती आणि त्यांत खास हसण्यासाठी नेमलेली माणसंही असत. एकाचं हसू दुसऱ्याला लागतं हे त्या व्यवस्थापकांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा पुढेमागे, डावीउजवीकडे माणसं असतील अशी जागा घ्या. शो पूर्ण विकला गेला नसेल आणि वरच्या मजल्यावर तुरळक मंडळी असतील, तर थोडे जास्त पैसे देऊन खाली या. अर्ध्या रिकाम्या गॅलरीत चांगला विनोदसुद्धा केविलवाणा वाटतो.

आता आवाज. बोललेला शब्द स्पष्ट कळायला सभागृहातला नाद साधारण एका सेकंदात विरायला हवा. सिंफनीच्या सभागृहांत तो दोन सेकंदांच्या आसपास घुमलेला चालतो, किंबहुना हवाच असतो. जुनी नाटकाची सभागृहं या बाबतीत चांगली असतात. मखमली खुर्च्या, पडदे, नक्षीकाम आणि भरलेली माणसं नाद शोषतात, विखुरतात. अडचण अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या गॅलरीत शब्द सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो आणि तिथला हशा रंगमंचावर परतायला आणखी तेवढाच वेळ. एवढ्याशा उशिरानेही विनोदाचा ठेका बदलतो. मुरलेले कलाकार मोठ्या सभागृहात पंचलाइननंतर जरा जास्त थांबतात ते यामुळेच. भरभर, पुटपुटत बोलणारा कलाकार असेल तर गॅलरी टाळा. हातवारे करून, चालत-ओरडत विनोद करणारा असेल तर वरून उलट छान दिसतो.

मला स्वतःला आवडते ती पहिल्या सर्कलची दुसरी-तिसरी रांग, मध्याच्या थोडी बाजूला. डोक्यावर मोकळं, समोर कलाकार नजरेच्या किंचित खाली, आणि खालच्या सगळ्या माणसांचा हशा अंगावर चढून येतो. पहिल्याच रांगेत कठडा आडवा येऊ शकतो, विशेषतः उंची कमी असेल तर. सगळ्यात वरच्या गॅलरीचा उतार अंगावर येईल इतका उभा असतो. उंचीची भीती असणाऱ्याने तिथे जाऊच नये. गुडघ्यांसाठी जागा जुन्या इमारतीत सगळीकडेच तुटपुंजी. उंच माणसाने वाटेकडेची खुर्ची धरावी.

तळमजल्याच्या पहिल्या दोन रांगांत बसणार असाल तर कलाकार तुमच्याशी बोलेल हे गृहीत धरा. नाव काय, काम काय, शेजारी कोण. आवडत असेल तर मजा आहे. लाजाळू जोडीदाराला न सांगता तिथे बसवणं हे मात्र भांडणाला आमंत्रण.

हे सगळं स्टँडअपपुरतं. इम्प्रोव्ह, स्केच आणि विनोदी नाटकासाठी नाटकाचेच जुने नियम लागू: मध्यात बसा, फार पुढे नको, बाजूचे बॉक्स अजिबात नकोत.

तिकीट पक्कं करण्याआधी त्या खुर्चीवरून रंगमंच कसा दिसतो याची फोटोंसहित नोंद प्रेक्षकांनी ठेवलेल्या साइट्स आहेत. ‘सीटप्लॅन’ हे त्यांतलं ठळक नाव. फोटो बघताना एक पथ्य पाळा: फोनचा रुंद कॅमेरा रंगमंच आहे त्यापेक्षा दूर दाखवतो.

## तिकीट काढताना

नाट्यगृहाच्या स्वतःच्या साइटवरून सुरुवात करा. शोधयंत्रात सगळ्यात वर येणारे दुवे कित्येकदा पुनर्विक्री करणाऱ्यांच्या जाहिराती असतात आणि नाट्यगृहात जागा शिल्लक असतानाही तेच तिकीट चढ्या भावाने विकतात. शो हाऊसफुल्ल असेल तर मूळ विक्रेत्याची अधिकृत पुनर्विक्री बघा. तीही नसेल तर शोच्या आधीचे दोन-तीन दिवस रोज साइट उघडत राहा. कलाकाराच्या पाहुण्यांसाठी आणि तांत्रिक सोयीसाठी राखून ठेवलेल्या जागा शेवटी सुटतात, त्यांत चांगल्या खुर्च्याही असतात. एकट्याने जाणाऱ्याला तर अगदी शेवटपर्यंत संधी असते, कारण जोड्यांच्या मधे एकेक खुर्ची उरते.

किमतीत सेवाशुल्क मिळवलेलं आहे की शेवटच्या पानावर चढणार आहे, ते बघा. ब्रिटनमधल्या जुन्या नाट्यगृहांत त्यासोबत इमारतीच्या डागडुजीसाठी ‘रिस्टोरेशन लेव्ही’ नावाची छोटी रक्कमही लावतात. ही मात्र कुरकुर न करता द्यावी असं मला वाटतं. त्या छताचं प्लास्टर कुणीतरी सांभाळायलाच हवं.

खुर्चीक्रमांकांत एक गंमत आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाट्यगृहांत एका बाजूला सगळे विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सगळे सम, आणि मधल्या भागात १०१ पासून पुढे सलग आकडे असतात. म्हणजे २ आणि ४ शेजारी-शेजारी, पण १ आणि २ यांच्या मध्ये अख्खा मधला भाग. दोघांची तिकिटं वेगवेगळी घेत असाल तर आकडे जवळचे दिसले म्हणून हुरळू नका, नकाशा उघडून खात्री करा.

व्हीलचेअर, गुडघेदुखी, कमी ऐकू येणं यांपैकी काही असेल तर ऑनलाइन न काढता सरळ फोन करा. जुन्या इमारतीत बाहेरून सपाट दिसणारा तळमजलासुद्धा आत आठ पायऱ्या खाली असू शकतो, आणि पहिलं सर्कल रस्त्याच्याच पातळीला असू शकतं. लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत जाते, व्हीलचेअरची जागा किती, सोबत्याला सवलत आहे का, ऐकण्यासाठी हेडसेट मिळतो का, श्रवणयंत्राला जोडणारी लूप सगळ्या मजल्यांवर आहे की ठरावीक रांगांतच, एवढं विचारा. सांकेतिक भाषेतले किंवा बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवणारे खेळ काही दौऱ्यांत ठरावीक तारखांनाच असतात. तेव्हा तारीख ठरवण्याआधी फोन, नंतर तिकीट.

## शोच्या दिवशी

तिकिटावर दोन वेळा असतात: दारं उघडण्याची आणि शो सुरू होण्याची. दारांच्या वेळेच्या थोडं नंतर पोचलात तर रांग ओसरलेली असते. शोच्या वेळेआधी अर्धा तास ही माझ्या मते शेवटची मर्यादा; गॅलरीचं तिकीट असेल तर त्यात आणखी दहा मिनिटं धरा.

ते का, तर जुन्या नाट्यगृहांत गॅलरीचा जिना वेगळा असतो. श्रीमंतांच्या संगमरवरी दालनातून गरिबांनी जाऊ नये म्हणून त्यांच्यासाठी बाजूच्या गल्लीत दार काढलेलं असे, आणि काही ठिकाणी आजही वरच्या मजल्याचा प्रवेश त्याच दाराने होतो. मुख्य दारात रांग लावून आत गेल्यावर शिपाई तुम्हाला परत बाहेर काढून कोपऱ्यावर पाठवतो. तिकिटावर प्रवेशद्वाराचा क्रमांक किंवा रस्त्याचं नाव असतं, ते घरीच वाचून ठेवा. वरचे जिने अरुंद, वळणाचे आणि पायऱ्या झिजलेल्या असतात. पादत्राणं त्या हिशोबाने.

सामान कमीत कमी. मोठ्या बॅगा आत सोडत नाहीत आणि सामान ठेवायची खोली प्रत्येक जुन्या इमारतीत असतेच असं नाही. पायाखाली ठेवायलाही जागा नसते. वातानुकूलन नंतर जोडलेलं असल्यामुळे खाली गारठा आणि वर उकाडा असा प्रकार होतो. एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे बरे.

फोनबद्दल सविस्तर सांगायला हवं. बरेच मोठे कलाकार आता प्रेक्षकांचे फोन कुलूपबंद पिशवीत ठेवायला लावतात. २०१४ साली सुरू झालेल्या यॉन्डर या अमेरिकन कंपनीच्या पिशव्या त्यासाठी सर्वाधिक वापरल्या जातात; डेव्ह चॅपेल आणि क्रिस रॉक या अमेरिकन स्टँडअप कलाकारांच्या शोंमुळे ही पद्धत सगळीकडे पोचली. पिशवी तुमच्याकडेच राहते, पण उघडते ती बाहेरच्या दालनात ठेवलेल्या चुंबकी यंत्रावर टेकवली की. यात गोम अशी की तुमचं तिकीट फोनमध्येच असतं. दारावर ते स्कॅन झालं की फोन पिशवीत जातो आणि रांग कुठली, खुर्ची कुठली हे आठवेनासं होतं. खुर्चीचा क्रमांक आधीच कागदावर लिहून खिशात ठेवा. एकमेकांपासून लांब बसणार असाल तर मध्यंतरात कुठे भेटायचं तेही आधी ठरवा. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर सांभाळणाऱ्याला नाट्यगृहाचा फोन क्रमांक आणि तुमचा खुर्चीक्रमांक देऊन ठेवा. साखर मोजणारं यंत्र फोनला जोडलेलं असेल तर दारावर तसं स्पष्ट सांगा, त्यासाठी वेगळी सोय करतात.

पिशवी नसली तरी फोन बंदच ठेवायचा. कलाकार वर्षभर एकच साहित्य घेऊन गावोगाव फिरत असतो. त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा बाहेर फुटला की पुढच्या प्रत्येक गावात तो विनोद मेला. शिवाय अंधारात एक उजळलेली काच दहा रांगांचं लक्ष वेधते आणि रंगमंचावरून ती सगळ्यात आधी दिसते.

## आत गेल्यावर

खुर्ची सापडली की बसण्याआधी मागे वळून सगळ्यात जवळचं बाहेर पडायचं दार बघा. जिथून आलात ते जवळचं असेलच असं नाही. हे सांगायला कारण आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉइ थिएटरमध्ये दुपारच्या खेळाला आग लागली. रंगमंचावर एडी फॉय हा विनोदी नट होता. अंगावर सोंगाचे कपडे तसेच ठेवून तो पुढे आला, लोकांनी धावू नये म्हणून विनवत राहिला, वादकांना वाजवत राहायला सांगत राहिला. आग प्रेक्षकांकडे येऊ नये म्हणून खाली सोडायचा पडदा मधेच अडकला. बाहेर पडायची कित्येक दारं शोभेच्या पडद्यांआड लपलेली होती, काहींच्या कड्या लोकांना उघडता आल्या नाहीत. सुमारे सहाशे माणसं गेली. नाट्यगृह तेव्हा जेमतेम महिन्याभराचं होतं. अंगाने नुसतं ढकललं की उघडणारा दारावरचा आडवा दांडा याच दुर्घटनेनंतर बनवला गेला आणि १९०८ पासून विकला जाऊ लागला. आज जिथे जाल तिथल्या आपत्कालीन दारावर तो दिसेल. तोच शोधायचा.

मग दोन मिनिटं वर बघा. छतावरची चित्रं, रंगमंचाभोवतीची सोनेरी चौकट, बॉक्सखालचे मुखवटे. शो सुरू झाल्यावर हे अंधारात जातं आणि शो संपल्यावर सगळ्यांना घरी जायची घाई असते.

## शो चालू असताना

उशीर झालाच तर काय? नाटकात उशिरा येणाऱ्याला दारावर थांबवून प्रवेश बदलताना आत सोडतात. स्टँडअपमध्ये तशा फटी नसतात, आणि तुम्ही पुढच्या रांगांकडे वाकून चालू लागलात की कलाकाराला आयतं खाद्य मिळतं. शिपायाने थांबवलं तर थांबा. कलाकाराने टोकलं तर हसून हात दाखवा आणि बसा. खुलासे करत बसलात की पुढची पाच मिनिटं तुमचीच.

प्रेक्षकांतून ओरडण्याबद्दल लोकांच्या डोक्यात एक गैरसमज घट्ट बसलाय, की त्याने शोला रंगत येते. छोट्या क्लबात, कलाकाराने प्रश्न विचारला तर, येतेही. दोन हजारांच्या सभागृहात मात्र गॅलरीतून मारलेली आरोळी रंगमंचावर नुसती गुरगुर म्हणून पोचते. शब्द कळत नाहीत, कलाकार ‘काय म्हणालात?’ विचारतो, तुम्ही परत ओरडता, आणि खालच्या मजल्यावर कुणालाच काय चाललंय कळत नाही. विनोद विरतो. कलाकाराने थेट विचारलं तर मोठ्याने, थोडक्यात आणि खरं उत्तर द्या. तुम्ही दिलेला विनोदी जवाब त्याला नको असतो. विनोद करायला तो आहे, त्याला कच्चा माल हवा असतो. ‘मी विमा विकतो’ या तीन शब्दांवर तो दहा मिनिटं काढेल.

शेजाऱ्याला विनोद समजावून सांगणं, पंचलाइन आधीच पुटपुटणं, हेही तितकंच त्रासाचं. एखादा विनोद बोचला तर न हसण्याचा हक्क तुम्हाला आहेच. शांतताही कलाकाराला ऐकू जाते आणि तो तिची दखल घेतो. अगदीच सहन होईना तर मध्यंतरात निघा, किंवा दोन विनोदांच्या मधल्या टाळ्यांत उठा.

मध्यंतर पंधरा-वीस मिनिटांचं असतं आणि त्यातली बहुतेक स्वच्छतागृहाच्या रांगेत जातात. जुन्या इमारतींत स्वच्छतागृहं मोजकी, बायकांची तर फारच कमी. दोन युक्त्या: एक, ओपनर संपायच्या बेतात असताना वाटेकडेच्या खुर्चीवरून पटकन निसटणं, टाळ्या सुरू झाल्या की. दुसरी, आपला मजला सोडून दुसऱ्या मजल्याचं बघणं. तळमजल्याची रांग जिन्यापर्यंत आली असते तेव्हा वरच्या सर्कलची बरीच आटोपशीर असते. परत येताना घंटा होते. दुसऱ्या घंटेला तरी जिना चढायला लागा.

## बाहेर पडताना

शो संपला की बाजूची आपत्कालीन दारंही उघडतात आणि तुम्ही आलात त्यापेक्षा भलत्याच गल्लीत बाहेर पडता. सोबतच्यांशी भेटायची जागा नाट्यगृहाच्या दारात ठरवू नका, समोरच्या फुटपाथावरची एखादी ठळक खूण ठरवा. फोन पिशवीत असेल तर बाहेर पडण्याआधी यंत्र शोधा. पिशवीसकट रस्त्यावर आलात तर परत उलट्या गर्दीत शिरावं लागतं.

शेवटची गाडी पकडायची असेल तर छापील वेळेवर विसंबू नका. रंगलेला कलाकार पंधरा-वीस मिनिटं सहज पुढे जातो. कलाकाराला भेटायचं असेल तर इमारतीच्या मागच्या बाजूला स्टेज डोअर, म्हणजे कलाकारांचं ये-जा करायचं दार असतं. सही किंवा फोटो नम्रपणे मागावा, नाही म्हटलं तर निघावं, आणि आपल्याला सुचलेला विनोद त्याला तिथे ऐकवू नये.